‘नक्कल’ ही शिवी कोणाची? : वऱ्हाडातील भिंती, प्रबोधनकालीन धर्मचित्रे आणि मराठी समीक्षा

१

अमरावती किंवा अकोला येथील ख्रिस्ती घरांत बैठकीच्या भिंतीवर वा जेवणघराच्या दारावर लेओनार्दो दा व्हिंचीचे ‘शेवटचे भोजन’ पाहावयास मिळते. कुटुंब कॅथलिक असेल तर राफाएलच्या वळणाची, बाळ येशूला हातांत धरलेली मरियामाता असते. पुष्कळ घरी ही चित्रे छापील असतात. काही घरी मात्र ती हाताने रंगविलेली असतात : छापील चित्रावर पेन्सिलीने चौकटी पाडून, तितक्याच चौकटी हार्डबोर्डवर वा कॅनव्हासवर मोठ्या आकारात आखून, तैलरंगांत किंवा प्रसंगी साध्या एनॅमलमध्ये. रंगविणारा कधी शाळेतला चित्रकलेचा शिक्षक असतो, कधी दुकानांच्या पाट्या रंगविणारा पेंटर. त्याच्या धर्माचा ह्या कामाशी संबंध असतोच असे नाही. हाच पेंटर शेजारच्या घरासाठी यशोदा-कृष्ण रंगवितो आणि पुढच्या गल्लीतल्या घरासाठी गाडगेबाबा.

ह्या चित्रांविषयी मराठी समीक्षेला काय म्हणावयाचे आहे असे विचारले, तर उत्तर एका शब्दात मिळते : नक्कल. फार झाले तर ‘किच’ किंवा ‘कॅलेंडर आर्ट’ असे दोन आयात शब्द जोडीला येतात. शब्द उच्चारला की विश्लेषण संपते. वस्तुतः ‘नक्कल’ हे एका व्यवहाराचे वर्णन आहे. एक वस्तू पाहून दुसरी वस्तू केली, एवढेच ते सांगते. मराठी समीक्षेने ह्या वर्णनाचा निकाल केला आहे. साहित्याच्या क्षेत्रात ‘अनुकरण’, ‘रूपांतर’, ‘उसनवारी’ हे शब्द ज्या सुरात वापरले जातात, तोच सूर चित्राच्या बाबतीत अधिक निःशंकपणे लागतो, कारण चित्राच्या बाबतीत ‘मूळ’ कोठेतरी एका संग्रहालयात प्रत्यक्ष टांगलेले असते, किंवा तसे समजले जाते.

प्रश्न एका शब्दापुरता असता तर त्यासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. प्रश्न अध्यापनाचा आहे. चांदूर, मूर्तिजापूर किंवा बाळापूरहून विद्यापीठात आलेला विद्यार्थी सौंदर्यशास्त्राच्या तासाला पहिली गोष्ट कोणती शिकतो? स्वतःच्या घरातल्या भिंतीची लाज. ज्या एकमेव चित्राकडे त्याने आयुष्यात रोज पाहिले, ज्याच्या खाली बसून त्याने अभ्यास केला, ते चित्रच नव्हे असे त्याला सांगण्यात येते. आणि ज्या चित्राचे त्याने केवळ पुस्तकातले छायाचित्र पाहिले, तेच खरे असे शिकविण्यात येते. म्हणजे एका प्रतिकृतीच्या आधारे दुसऱ्या प्रतिकृतीचा धिक्कार करावयास त्याला शिकविले जाते. ह्या विसंगतीकडे मराठी समीक्षेने आजवर पाहिलेले नाही. प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे की, घरगुती धर्मचित्राला ‘नक्कल’ म्हणून बाद करणारी ही समीक्षा कलाबाजाराची कसोटी सौंदर्यशास्त्राची कसोटी म्हणून वापरते. शिवाय ती कसोटी प्रबोधनकालीन धर्मचित्राच्या इतिहासालाही लागू पडत नाही आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला तर मुळीच नाही.

२

प्रथम ‘मूळ’ ह्या संकल्पनेचाच विचार केला पाहिजे. ज्या परंपरेतून ही चित्रे आली, त्या ख्रिस्ती परंपरेत चित्राचे मूळ कोणते मानले गेले आहे? इसवी सन ७८७ च्या दुसऱ्या निकाया परिषदेने प्रतिमाभंजकांच्या विरोधात असा निर्णय दिला की, प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही. जिची ती प्रतिमा, त्या व्यक्तीकडे तो पोचतो. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने प्रॉटेस्टंट आक्षेपांना उत्तर देताना हाच सिद्धान्त पुन्हा मांडला. ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. भाविकाच्या दृष्टीने मूळ म्हणजे मरियामाता. राफाएलचा कॅनव्हासदेखील प्रतिकृतीच होय. राफाएलचे चित्र आणि अकोल्याच्या पेंटरचे चित्र ह्यांत कौशल्याचे अंतर प्रचंड आहे. परंतु ‘मूळ’ आणि ‘प्रत’ हे जे जातिभेदासारखे अंतर समीक्षा कल्पिते, ते ह्या चित्रांच्या स्वतःच्या तत्त्वज्ञानात नाही.

इतिहास हेच सांगतो. रोममधील सांता मारिया माज्जोरे येथील मरियेची प्रतिमा संत लूकने रंगविली अशी श्रद्धा होती. १५६९ मध्ये जेझुइट संघाचे प्रमुख फ्रान्सिस बोर्जिया ह्यांनी तिची प्रत करण्याची अनुज्ञा मिळविली आणि तिच्या प्रतींच्या प्रती जगभरच्या मिशनांकडे रवाना झाल्या. म्हणजे प्रतिकृती करणे हा येथे अपघात नव्हता की दारिद्र्याची तडजोडही नव्हती. ते ठरवून स्वीकारलेले धोरण होते. राफाएलच्या हयातीत, त्याच्या सहकार्याने, मार्कान्तोनियो राइमोंदी हा त्याच्या रचनांचे ताम्रपट खोदून त्या युरोपभर पसरवीत होता. राफाएलला आपल्या चित्राच्या प्रती निघाल्या तर ते अशुद्ध होईल, असे वाटत नव्हते.

‘सिस्टाइन मॅडोना’ ह्या राफाएलच्या प्रसिद्ध चित्राची कथा तर ह्या संदर्भात बोधप्रद आहे. १५१२ च्या सुमारास ते पिआचेंझा गावातील संत सिक्स्टस ह्यांच्या चर्चसाठी मागविले गेले. १७५४ मध्ये सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस ह्याने ते विकत घेऊन ड्रेस्डेनला नेले. आज ड्रेस्डेनच्या कलादालनात प्रेक्षक राफाएल पाहतात. पिआचेंझाच्या वेदीवर मात्र एक हाताने रंगविलेली प्रतिकृती आहे आणि प्रार्थना तिच्यासमोर होते. राफाएलने हे चित्र ज्या कार्यासाठी केले, ते कार्य गेली अडीचशेहून अधिक वर्षे प्रतिकृती करीत आहे. ‘मूळ’ चित्र कलावस्तू झाले आणि ‘नक्कल’ धर्मचित्र राहिली. ह्यांपैकी राफाएलशी अधिक प्रामाणिक कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर कोणी ड्रेस्डेनच्या बाजूने देईल, कोणी पिआचेंझाच्या. पण प्रश्नच नाही असे मात्र कोणाला म्हणता येणार नाही; आणि मराठी समीक्षा नेमके तेच म्हणत आली आहे.

‘शेवटच्या भोजना’चीही गोष्ट अशीच आहे. लेओनार्दोने १४९५ ते १४९८ ह्या काळात ते मिलान येथील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए ह्या मठाच्या भोजनगृहात रंगविले. साधूंनी जेवावे आणि समोरच्या भिंतीवर प्रभूनेही आपल्या शिष्यांबरोबर जेवावे, अशी ती योजना होती. आज तेथे कोणी जेवत नाही. आधी नाव नोंदवून, ठरावीक संख्येच्या गटात, पंधरा मिनिटे चित्र पाहता येते. जेवणघराच्या दारावर ‘शेवटचे भोजन’ लावणारे अमरावतीचे कुटुंब कलेच्या इतिहासाविषयी अनभिज्ञ असेल. परंतु चित्राची जागा कोणती हे त्याला अचूक कळले आहे. भाकरी मोडण्याचे चित्र भाकरी मोडण्याच्या जागी आहे.

३

येथे एक आक्षेप संभवतो. चित्रकला ही साहित्यासारखी नाही. कवितेची प्रत केली तरी कविता तीच राहते, चित्राची प्रत केली की ते चित्र राहत नाही. हा भेद नेल्सन गुडमन ह्याने १९६८ मध्ये काटेकोरपणे मांडला. काही कला स्वहस्तनिष्ठ असतात : कर्त्याच्या हातून झालेली वस्तू तीच कृती, बाकी सारे बनावट. काही कला संहितानिष्ठ असतात : अक्षरे जुळली की प्रत्येक प्रत अस्सल. ‘ज्ञानेश्वरी’ची बनावट प्रत असू शकत नाही, अशुद्ध प्रत असू शकते. राफाएलच्या चित्राची मात्र बनावट प्रत असू शकते.

भेद मान्य केला तरी त्यावरून काय सिद्ध होते? गुडमनचे वर्गीकरण कलाप्रकारांच्या व्यवहारावर आधारलेले आहे. वस्तूच्या अंगी चिकटलेल्या गुणावर नाही. संग्रहालय आणि लिलावघर ह्यांच्या व्यवहारात चित्र स्वहस्तनिष्ठ असते, कारण तेथे हाताची किंमत होते. घरातल्या धर्मचित्राचा व्यवहार निराळा आहे. तेथे चित्राची ओळख लक्षणांवरून होते. निळे वस्त्र, त्याखाली लाल, हातांत बाळ, किंचित कललेली मान : ही लक्षणे जुळली की ती मरियामाता. तेरा आकृती, मध्ये प्रभू, एका बाजूला पैशाची थैली आवळून धरलेला यहूदा : हे जुळले की ते शेवटचे भोजन. भारतीय शिल्पशास्त्रातला ‘लक्षण’ हा शब्द येथे सहज लागू पडतो. चार हात, शंख, चक्र, गदा, पद्म जुळले की तो विष्णू. मूर्तिकार कोण ते कोणी विचारीत नाही. अशा व्यवहारात लक्षणांचे स्थान अक्षरांचे असते. म्हणजे घरगुती धर्मचित्र हे व्यवहारतः संहितानिष्ठ आहे. त्याला ‘नक्कल’ म्हणणे हे छापील ‘ज्ञानेश्वरी’ला नक्कल म्हणण्यासारखे आहे.

वऱ्हाडातल्या अभ्यासकाला हा मुद्दा समजावयास गुडमनकडे जाण्याचीही गरज नव्हती. त्याने अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरकडे पाहावयास हवे होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने नागदेवाचार्यांच्या साहाय्याने चक्रधरांच्या आठवणी जमविल्या आणि मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ, ‘लीळाचरित्र’, सिद्ध झाला. त्या मूळ ग्रंथाचे काय झाले? महानुभावांची परंपरा सांगते की, खलजी आक्रमणाच्या धामधुमीत तो नाहीसा झाला आणि अनुयायांनी स्मरणातून तो पुन्हा उभा केला. म्हणून आज त्याचे एक मूळ नाही, पाठ आहेत. हिराइसा, रामेश्वरबास ह्यांच्या नावांनी ओळखले जाणारे पाठ आहेत. पुढे हा ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपीत उतरविला गेला, म्हणजे अक्षराचे रूपदेखील बदलले. बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेल्या वि. भि. कोलते ह्यांनी आयुष्यभर पोथ्या चाळून १९७८ मध्ये त्याचे संपादन प्रसिद्ध केले, ते ह्या प्रतींच्याच आधारे. मराठी गद्याचा उगम ज्या ग्रंथापाशी दाखविला जातो, तो नकलांच्या रूपाने उरलेला आहे. कोणी मराठी समीक्षक ‘लीळाचरित्रा’ला नक्कल म्हणत नाही. तेथे त्याला ‘पाठ’ हा शब्द सुचतो. लिहिणाऱ्याच्या हातून उतरले तर पाठ आणि रंगविणाऱ्याच्या हातून उतरले तर नक्कल, हा न्याय कोठला?

चित्राच्या क्षेत्रातही पाठचिकित्सा असते, हे पुन्हा ‘शेवटच्या भोजना’वरूनच दाखविता येते. लेओनार्दोने ओल्या गिलाव्यावर रंगविण्याची रूढ पद्धत सोडून कोरड्या भिंतीवर प्रयोग केला. परिणामी चित्र काही दशकांतच झडू लागले. सोळाव्या शतकाच्या मध्यास व्हासारीला तेथे डागांखेरीज फारसे काही दिसले नाही. १६५२ मध्ये त्या भिंतीत दार पाडले गेले आणि येशूची पावले नाहीशी झाली. ही पावले आज कशी माहीत आहेत? प्रतिकृतींमुळे. १५२० च्या सुमारास जाम्पिएत्रिनो ह्या लेओनार्दोच्या अनुयायाची म्हणून ओळखली जाणारी जी प्रत झाली, तीत ती पावले आहेत आणि यहूदाच्या कोपराने कलंडलेले मीठदाणेही स्पष्ट आहे. १९७८ ते १९९९ ह्या काळात चाललेल्या जीर्णोद्धारात ह्या प्रतीचा आधार घेण्यात आला. म्हणजे ‘मूळ’ काय होते हे सांगण्याचे काम ‘नकले’कडे आले. मिलानचे ‘शेवटचे भोजन’ आणि रिद्धपूरचे ‘लीळाचरित्र’ ह्यांची अवस्था ह्या बाबतीत एकच आहे.

४

प्रतिकृतीच्या चर्चेत वाल्टर बेंजामिनचे नाव आता मंत्रासारखे घेतले जाते. त्याच्या १९३६ च्या निबंधातले ‘तेजोवलया’चे रूपक विद्यार्थ्यांना पाठ असते आणि कोणत्याही प्रतिकृतीसमोर ते उच्चारले जाते. परंतु बेंजामिनचा विषय यांत्रिक पुनरुत्पादन हा होता. हाताने केलेली प्रत त्याने स्पष्टपणे वेगळी काढली. अशा प्रतीसमोर मुळाचा अधिकार अबाधित राहतो, यंत्राने केलेल्या प्रतीसमोर तो राहत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. म्हणून बेंजामिनचे सूत्र वऱ्हाडातल्या हाताने रंगविलेल्या चित्राला जसेच्या तसे लागू करणे हा अपपाठ होय. येथे तर क्रमच उलटा आहे. युरोपातल्या चित्राचा छाप निघाला, तो यंत्राने; त्या छापावरून पुन्हा हाताने चित्र झाले. यंत्राने जे हाताकडून काढून घेतले, ते पेंटर पुन्हा हाताकडे आणतो. बेंजामिनच्या इतिहासात ह्या शेवटच्या पायरीसाठी जागा नाही. मराठी समीक्षेने ती जागा निर्माण करावयास हवी होती. तसे करण्याऐवजी तिने उद्धरण पुढे केले.

‘नक्कल’ हा शब्द किती पक्षपाताने वापरला जातो, हे अजिंठ्याच्या उदाहरणावरून दिसते. वऱ्हाडच्या दक्षिण सीमेवरून गेलेल्या त्याच डोंगररांगेत ही लेणी आहेत. रॉबर्ट गिल १८४४ पासून तेथे वर्षानुवर्षे प्रती रंगवीत राहिला. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागलेल्या १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. १८७२ ते १८८५ ह्या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे त्यांचे विद्यार्थी ह्यांनी पुन्हा प्रती केल्या; त्यांतल्या अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. ह्या प्रतींचा उल्लेख कलेतिहासात आदराने होतो, आणि तो योग्यच आहे. त्यांना ‘अभिलेख’ म्हणतात, ‘दस्तऐवज’ म्हणतात. भिंतीवरचे धर्मचित्र पाहून तैलरंगांत केलेली प्रत, हेच दोन्हीकडचे वर्णन आहे. मग एक अभिलेख आणि दुसरी नक्कल का? पहिलीला सरकारने पैसे दिले आणि ती लंडनला गेली. दुसरीला एका कुटुंबाने पैसे दिले आणि ती घरातच राहिली. ह्याहून निराळे कारण कोणी दाखवावे.

शिवाय ज्या शिक्षणाने हा पेंटर घडला, ते शिक्षण प्रतिकृतीचेच होते. जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून रेखाटन शिकत. महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून दिल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ह्या शासकीय रेखाकला परीक्षांच्या मागे तीच वासाहतिक शिस्त आहे. प्रथम पाहून हुबेहूब काढावयास शिकवावयाचे, त्याच कौशल्याचे प्रमाणपत्र द्यावयाचे आणि त्या कौशल्याने पोट भरू लागलेल्या माणसाला नंतर नकलाकार म्हणावयाचे, ही अभिरुचीची गोष्ट नाही. हे वर्गीय राजकारण आहे.

५

आतापर्यंत ज्या समीक्षेचा विचार झाला ती स्वायत्ततावादी समीक्षा होय. रा. भा. पाटणकर ह्यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असा जो भेद केला, त्याच्या भाषेत बोलावयाचे तर ती अलौकिकतावादी आहे, कलाकृती व्यवहारापासून तोडली की तिचे मूल्य कळते, असे ती मानते. धर्मचित्राला व्यवहारापासून तोडता येत नाही, म्हणून ते तिच्या कक्षेबाहेर राहते. हे निदान सुसंगत तरी आहे. परंतु ह्या स्वायत्ततावादाला विरोध म्हणून पुढे आलेल्या देशीवादाची भूमिका काय आहे?

भालचंद्र नेमाडे ह्यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या देशीवादाने मराठी समीक्षेला आपल्या भूमीकडे पाहावयास लावले, हे त्याचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण पुढे देशीवादाच्या नावाने जे लिहिले गेले, त्यात कृतीचे मूल्य तिच्या शैलीच्या उगमावरून ठरविण्याची सवय रुजली. ह्या दृष्टीने गोव्याचा आन्जेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) हा देशी ठरतो आणि वऱ्हाडचा पेंटर परभृत. फोन्सेकाने शांतिनिकेतनात शिकून मरियेला साडी नेसविली. त्याच्या चित्रांची थोरवी वादातीत आहे. तथापि ज्या भाविकांसाठी तो रंगवीत होता, त्यांतल्या अनेकांना त्याची मरियामाता आपली वाटली नाही. गोव्यात रोष ओढवून तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला. समीक्षेला जे देशी वाटले, ते देशातल्या भाविकाला परके वाटले. आणि इटालियन चेहऱ्याची मरियामाता त्याने घरची म्हणून भिंतीवर ठेवली. देशीवादी समीक्षक ह्यावर म्हणेल, ही वासाहतिक मानसिकता. मग प्रश्न असा की, देशी म्हणजे देशातल्या माणसांनी वापरात आणून आपले केलेले, की समीक्षकाने त्यांच्यासाठी निवडलेले?

उगमाचा शोध घ्यावयाचाच तर तो प्रामाणिकपणे घ्यावा. १५८० मध्ये रुदोल्फो आक्वाविवा आणि आन्तोनियो मोन्सेराते हे जेझुइट फतेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी आले. रोमच्या त्या मरियेची प्रत त्यांनी बरोबर आणली होती. अँटवर्पला छापलेले आठ खंडांचे बहुभाषी बायबलही होते. अकबराच्या चित्रशाळेत युरोपीय छापांवरून हाताने चित्रे होऊ लागली. केसू, बसावन, मनोहर ह्यांच्यासारखे चित्रकार त्या कामात होते. छापावरून रंगविणारा वऱ्हाडचा पेंटर जे करतो, तेच काम हे. ते मोगल कलेच्या इतिहासात ‘आत्मसात्करण’ म्हणून गौरविले जाते. त्या वेळी मोन्सेरातेकडे शिकावयास बसविलेला अकबराचा मुलगा मुराद हाच पुढे १५९६ मध्ये मोगलांकडे आलेल्या वऱ्हाडचा सुभा सांभाळीत होता. अकोला जिल्ह्यात बाळापूरजवळ त्याने शाहपूर वसविले आणि १५९९ मध्ये तो मरण पावला. ह्यावरून आजच्या भिंतीपर्यंत थेट वंशावळ जोडावयाची नाही. मुद्दा एवढाच की, प्रबोधनकालीन धर्मचित्र आणि त्याची हाताने केलेली प्रत हे ह्या देशात इंग्रजी राज्याच्या आधीपासून परिचित आहेत. ‘परके’ ह्या शब्दाला साडेचारशे वर्षांनंतर काय अर्थ उरतो, ते सांगण्याची जबाबदारी देशीवाद्यांवर आहे.

हिंदू घरातल्या चित्राविषयीही हेच. राजा रविवर्म्याने (१८४८-१९०६) युरोपीय अकादमिक शैली उचलली आणि तिच्यात लक्ष्मी-सरस्वती रंगविल्या; त्याने १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे मळवलीला नेलेल्या छापखान्यातून त्या घरोघर गेल्या. यथार्थदर्शन, छायाप्रकाश, तैलरंग ही सारी प्रबोधनकाळाची देणगी. यशोदेच्या मांडीवरचा कृष्ण आणि मरियेच्या मांडीवरचा येशू ह्या चित्रांमध्ये जो सारखेपणा अमरावतीच्या पेंटरला दिसतो, तो खोटा नाही; त्या दोन्ही चित्रांचे रंगशास्त्र एकाच घराण्याचे आहे. लक्ष्मीच्या चित्राला घरची परंपरा म्हणणाऱ्याने मरियेच्या चित्राला उसनवारी म्हणू नये. ज्या घरात मराठी बायबल वाचले जाते, तेथे कोणी त्याला ‘ग्रीकची नक्कल’ म्हणत नाही. १८०५ मध्ये सेरामपूरला मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले, तेव्हापासून ती मराठी ग्रंथांची परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या वर टांगलेले चित्रही भाषांतरच होय.

६

ह्या प्रतिपादनाचा एक विपर्यास होण्याचा संभव आहे, तो आधीच दूर केला पाहिजे. उत्तर-आधुनिकतेच्या नावाने अलीकडे प्रतिकृतीचा उत्सव करण्याची रीत पडली आहे. मूळ असे काही नसतेच, सारे प्रतिरूपांचेच जग आहे, म्हणून पेंटरचे चित्र हे मुळाच्या सत्तेला दिलेले आव्हान आहे, असा हा युक्तिवाद असतो. बोद्रियारचा आधार त्याला दिला जातो. पेंटरने असे आव्हान दिलेले नाही आणि चित्र घेणाऱ्या कुटुंबाने तर नाहीच. त्यांच्या दृष्टीने मूळ आहे. ते भिंतीवर नाही, एवढेच. ज्याच्यासमोर संध्याकाळी मेणबत्ती लागते, त्या चित्राला ‘प्रतिरूपांचा खेळ’ म्हणणे ही नक्कल म्हणण्यापेक्षा अधिक सफाईदार अवहेलना होय.

दुसरा विपर्यास असा की, प्रतिकृती वाईट असूच शकत नाही, असे येथे म्हटले आहे. तसे म्हटलेले नाही. पाठ भ्रष्ट असतो, तशी प्रतिकृतीही भ्रष्ट असते. परंतु भ्रष्टता ठरवावयाची कशावरून? ‘लीळाचरित्रा’चा पाठ पाहताना अभ्यासक विचारतो की लेखनिकाने काय गाळले, काय वाढविले, कोठे त्याला शब्द कळला नाही आणि कोठे त्याने कळून बदलला. हेच प्रश्न चित्राला विचारता येतात. लेओनार्दोची भिंत जवळजवळ नऊ मीटर रुंद आहे. ती दाराच्या माथ्यावर बसविताना पेंटर तेरा आकृतींतले अंतर कमी करतो का, त्यामुळे येशूभोवतीचा एकान्त टिकतो का? मागच्या खिडकीतला प्रकाश त्याने ठेवला की त्या जागी सोनेरी प्रभामंडल काढले? लेओनार्दोने असे मंडल काढलेले नाही; पेंटरने काढले असेल तर ती चूक आहे की भाष्य? ‘सिस्टाइन मॅडोने’च्या तळाशी हात टेकून वर पाहणारे दोन देवदूत शुभेच्छापत्रांवर सुटे छापले जातात, घरच्या चित्रात ते मातेच्या पायांशी परत आले असतील, तर त्या प्रतीने एक विच्छेद जोडला आहे. असे प्रश्न विचारल्यावर काही प्रती निकृष्ट ठरतील, काही लक्षणीय ठरतील. ‘नक्कल’ ह्या शब्दाने मात्र सर्व प्रती समान होतात, आणि जेथे सारे समान तेथे समीक्षेला कामच उरत नाही.

तिसरा आक्षेप वऱ्हाडच्याच परंपरेतून येऊ शकतो. महानुभावांनी मूर्तिपूजा मानली नाही. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा (१८७६-१९५६) आयुष्यभर दगडाच्या देवावर कोरडे ओढीत राहिले. अशा भूमीत भिंतीवरच्या देवचित्राची बाजू घेणे विपरीत नाही का? परंतु ह्याच भूमीत महानुभाव चक्रधरांच्या चरणांकित स्थानांना नमस्कार करतात, आणि गाडगेबाबांचे चित्र हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे ह्या लक्षणांसह घरोघरी लागलेले आहे. प्रतिमेचा निषेध करणाऱ्याचीही प्रतिमा होते, कारण स्मरणाला लक्षण लागते. गाडगेबाबांच्या चित्रासमोर उभा राहणारा माणूस बाबांनाच विसरला असे म्हणावयाचे, की निकायाच्या परिषदेने जे शब्दांत मांडले ते तो न शिकता जाणतो असे म्हणावयाचे? ह्या परंपरेने प्रतिमेविषयी शंका शिकविली आणि स्मरणाचा आग्रहही शिकविला. समीक्षेने ह्यांपैकी काहीच उचलले नाही. तिने उचलली ती संग्रहालयाची पायरी.

७

हा वाद आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. फ्लेक्सच्या छपाईने पाट्या रंगविणाऱ्यांचा व्यवसाय गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोडत आणला आहे. जो पेंटर दिवसा दुकानाची पाटी आणि रात्री ‘शेवटचे भोजन’ रंगवीत असे, त्याची पाटी गेली म्हणजे त्याचे चित्रही गेले. पुढच्या पिढीला प्रती मिळतील, पण त्या यंत्राच्या, एकासारख्या एक. त्यांत पाठभेद नसतील. पोथ्या नष्ट झाल्यावर पाठचिकित्सेचे शास्त्र शिकून उपयोग नसतो. १९५५ पासून अमरावतीला कॅथलिक धर्मप्रांत आहे. त्याआधीपासून ह्या भागात मिशनांचे काम आहे. १९८३ पासून अमरावतीला विद्यापीठ आहे. घराघरांतल्या ह्या हातरंगी चित्रांची नोंद करावी, कोणत्या छापावरून कोणती प्रत झाली हे पाहावे, रंगविणाऱ्यांशी आणि लावणाऱ्यांशी बोलावे, हे काम मराठीच्या वा ललितकलेच्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज करता येण्यासारखे आहे. त्यासाठी परदेशी जावे लागत नाही. फक्त विषय मांडताना मार्गदर्शकाने ‘ह्यात कला कोठे आहे?’ असे विचारू नये.

कला कोठे आहे हे त्या शोधातूनच कळेल. तोपर्यंत एवढे तरी व्हावे की, वर्गात बसलेल्या ज्या विद्यार्थ्याच्या घरी दारावर असे चित्र आहे, त्याला ते उतरवून ठेवावे असे वाटू नये. समीक्षेच्या परिभाषेतून ‘नक्कल’ हा निकाल काढून टाकावा आणि त्या जागी रिद्धपूरने सातशे वर्षांपूर्वी दिलेला ‘पाठ’ हा शब्द ठेवावा. शब्द बदलल्याने चित्र सुधारणार नाही. ते वाचावे लागेल, एवढे मात्र निश्चित.